बांडगूळ आणि आमरी: बागेतल्या झाडाला करवत लावण्याआधी

एप्रिल उजाडला की कोकणातल्या नगरपरिषदा आणि नगरपंचायती पावसाळ्यापूर्वीच्या कामांना लागतात. गटारं उपसली जातात, तारांना लागणाऱ्या फांद्या उतरवल्या जातात आणि त्याच धडाक्यात सार्वजनिक बागेतल्या झाडांवरची बांडगुळं काढायचं काम निघतं. बागेची काळजी घेणारे स्थानिक स्वयंसेवकही हौसेने हात लावतात. अडचण अशी की खालून बघणाऱ्याला फांदीवरचा प्रत्येक परका हिरवा झुबका बांडगूळच वाटतो. त्यात खरं बांडगूळ असतं तशी आमरीही असते, म्हणजे ऑर्किड. बांडगूळ झाडाचं पाणी ओढून फांदी वाळवतं. आमरी सालीवर नुसती बसलेली असते, झाडाकडून काहीच घेत नाही. सीतेची वेणी या आमरीला कळ्या धरतात त्या याच दिवसांत, आणि करवत फिरते तीही याच दिवसांत.

दोन्ही चुकांची किंमत सारखी नाही. बांडगूळ यंदा राहून गेलं तर पुढच्या वर्षी काढता येतं. आमरीचं तसं नाही. तिचं बी धुळीइतकं बारीक असतं, त्यात अन्नाचा साठा नसतो, ठराविक बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजतं आणि रुजल्यावर फुलायला काही वर्षं जातात. म्हणून ओळख पटत नसेल तर फांदी तशीच ठेवायची, हा नियम कामाला सुरुवात करण्याआधी सगळ्यांनी मान्य केलेला बरा.

पानं बघू नका, जोड बघा

पानांवरून फसायला होतं. बांडगुळाची पानं जाड, चिवट, करड्या झाकेची हिरवी असतात. आमरीचीही जाडच, फक्त पट्ट्यासारखी लांब आणि बहुतेकदा दोन ओळींत समोरासमोर लागलेली. पंधरा-वीस फुटांवरून, तेही डोळ्यावर ऊन घेत बघताना, हा फरक दिसेलच असं नाही. झुबका फांदीला जिथे टेकलाय ती जागा मात्र खोटं बोलत नाही.

बांडगुळाच्या बुडाशी गाठ असते. कोवळ्या रोपाची सुपारीएवढी, जुन्याची मुठीपेक्षा मोठी. गाठीच्या खोडाकडच्या बाजूला फांदी जाडजूड असते आणि गाठीच्या पुढे एकदम बारीक, पानं विरळ, टोक वाळलेलं. कारण सरळ आहे. बांडगुळाची शोषक मुळं साल भेदून लाकडात शिरतात आणि झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांना जोडून घेतात. पानं हिरवी असल्यामुळे साखर ते स्वतः बनवतं, पण पाणी आणि क्षार पूर्णपणे झाडाचे. भर उन्हाळ्यात आंबा पानांची रंध्रं मिटून पाणी राखू बघतो, तेव्हाही बांडगुळाचं ओढणं चालूच असतं. त्यामुळे गाठीपुढच्या फांदीला काही उरत नाही. आणखी एक खूण दुर्बिणीतून दिसते: गाठीपासून निघून सालीवरून सरपटत गेलेली तपकिरी मुळं. ती फांदीला जागोजागी नव्याने चिकटतात आणि तिथून नवं बांडगूळ फुटतं. छाटताना हीच मुळं नजरेतून सुटतात.

आमरीच्या बुडाशी गाठ नसते. झुबक्याच्या अलीकडे आणि पलीकडे फांदीची जाडी सारखी असते, पलीकडची पानं भरलेली असतात. मुळं पांढुरकी, दोरीसारखी जाड, काही सालीला चिकटून पसरलेली तर काही हवेत लोंबणारी. वाढणारं टोक हिरवं. हाताला येणारी फांदी असेल तर मुळांवर पाण्याचा फवारा मारून बघा. मुळांचं बाहेरचं स्पंजासारखं आवरण पाणी शोषतं, आतला हिरवा थर दिसू लागतो आणि पांढरं मूळ बघता बघता हिरवट होतं. बांडगुळाच्या मुळावर पाणी मारलं तर ते नुसतं ओलं होतं. मूळ नखाने उचकटून बघायचा मोह टाळा. टोक मोडलं की त्या मुळाची पुढची वाढ थांबते.

फुला-फळांच्या दिवसांत तर प्रश्नच उरत नाही. बांडगुळाची फुलं बोटभर लांब, नळीसारखी, नारिंगी-लालसर, आणि त्यांच्यावर शिंजीर हे इवले पक्षी सतत येत असतात. फळं छोटी, लांबट, पिकल्यावर गुलाबी-लाल. सीतेच्या वेणीचा गुलाबी ठिपक्यांचा घोस मे-जूनमध्ये खाली लोंबतो, तो कोणालाही ओळखू येतो. फसगत होते ती डेंड्रोबियम या गटातल्या आमरींच्या बाबतीत. नागली आणि तिच्या भाईबंदांची पानं पावसाळा सरला की गळतात, मग उरतात फक्त सुरकुतलेल्या करड्या कांड्या. उन्हाळ्यात ‘मेलेलं बांडगूळ’ म्हणून खरवडून टाकलं जातं ते बहुतेक हेच. त्या कांड्या जिवंत असतात आणि पहिल्या पावसानंतर पुन्हा पालवतात.

आणखी दोन पाहुणे झाडावर असतात. बाशिंग नावाचं नेचं, खाली तपकिरी कागदी पानं आणि वर हिरवी खाचदार पानं असलेलं: ते निरुपद्रवी आहे, राहू द्या. दुसरी, बेचक्यात उगवलेली वड-पिंपळाची रोपं. ती झाडाचं पाणी शोषत नाहीत, पण मुळं खाली जमिनीला टेकली की पुढे झाडाला आवळतात. वीतभर असतानाच मुळासकट उपटली तर काम पाच मिनिटांचं.

पाहणी स्वयंसेवकांची, करवत नगरपरिषदेची

ही वाटणी मानापमानाची नाही. स्वयंसेवकांकडे वेळ असतो, ते त्याच झाडाखालून वर्षभर रोज फिरतात आणि बदल टिपतात. नगरपरिषदेच्या माणसांकडे शिडी, दोर, उंचावर काम करायचा सराव आणि कायद्याने दिलेला अधिकार असतो. शहरी हद्दीत १९७५ चा महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लागू होतो. झाडाला इजा करणंही त्याच्या लेखी तोडण्यात मोडतं. तेव्हा स्वयंसेवकांनी हौसेने परस्पर फांदी उतरवणं योग्य नाही, मग हेतू कितीही चांगला असो. फोटोसह लेखी पत्र द्यावं, झाडांची यादी जोडावी आणि पोच घ्यावी.

पाहणीला फेब्रुवारी-मार्च उत्तम. सावर, पांगारा, ऐन यांची पानं गळलेली असतात आणि बांडगूळ तेवढं हिरवंगार दिसतं. आंबा, चिकू, काजू यांच्यावर शोधणं कठीण, तिथे वेगळ्या छटेची पानं आणि वाळलेली शेंडी शोधायची. ८×४२ ची साधी दुर्बीण पुरते. सकाळी नऊच्या आत, सूर्य पाठीशी ठेवून, प्रत्येक झाडाला चारही बाजूंनी फेरी मारायची.

नोंद कशी ठेवता यावर सगळं काम अवलंबून आहे. ‘आंब्यावर बांडगूळ आहे’ एवढ्याने वर चढलेल्या माणसाला काहीच कळत नाही. झाडाला गणनेचा क्रमांक असेल तर तो, नसेल तर फाटकापासूनचं स्थान, आणि मग ‘समुद्राकडची खालून तिसरी फांदी, बेचक्यापासून दोन हात पुढे, बांडगूळ’. ‘डोंगराकडची पहिली फांदी, आमरी, हात लावू नये’. उत्तर-दक्षिणेपेक्षा समुद्राकडची-डोंगराकडची हे चटकन समजतं. बुंध्याला लाल फीत म्हणजे या झाडावर काढायचं आहे, पांढरी म्हणजे राखायचं आहे, दोन्ही फिती म्हणजे आधी चिठ्ठी वाचा. फीत सुती कापडाची असावी. खिळे ठोकू नयेत, तारही नको.

काम ठेकेदाराकडे जाणार असेल तर आमरी राखण्याची अट कामाच्या आदेशातच लिहून घ्यावी. तोंडी सांगितलेलं मुकादमापर्यंत पोचतं, प्रत्यक्ष करवत धरणाऱ्यापर्यंत पोचेलच असं नाही. छाटणीच्या दिवशी पाहणी केलेला एक स्वयंसेवक मुकादमाशेजारी उभा असावा. वर चढणाऱ्याला प्रत्येक फांदी दाखवायची आणि त्याने ‘हीच ना?’ असं विचारल्याशिवाय करवत लागू द्यायची नाही. जवळून वीजवाहिनी जात असेल तर महावितरणकडून प्रवाह बंद झाल्याची खात्री करूनच काम सुरू करायचं.

काढायचं कसं

नुसता पाला ओरबाडून काढला तर काहीच साधत नाही. शोषक मुळं लाकडात तशीच राहतात आणि पावसाळ्यानंतर त्याच गाठीतून दुप्पट फुटवे येतात. दरवर्षी बांडगुळं काढूनही कमी होत नाहीत, त्याचं मोठं कारण हे.

फांदी मनगटापेक्षा बारीक असेल तर गाठीच्या खोडाकडच्या बाजूला किमान ३० सेंटिमीटर सोडून पूर्ण फांदी कापायची. सरपटणारी मुळं त्याहून मागे गेली असतील तर त्यांच्याही मागे. जवळच बेचकं असेल तर काप तिथेच घ्यावा, खुंट ठेवू नये. जड फांदी तीन कापांत उतरवायची: आधी बेचक्यापासून वीतभर पुढे खालच्या बाजूने एक तृतीयांश जाडीपर्यंत, मग त्याच्या थोडं पुढे वरून आरपार, आणि वजन उतरल्यावर उरलेला खुंट बेचक्याजवळच्या फुगीर कड्याला धक्का न लावता. पहिला खालचा काप टाळला तर फांदी पडताना बुंध्याची साल हातभर सोलून नेते आणि कोकणातल्या पावसात तिथे कूज ठरलेली. कोयत्याने घाव घालत बसू नये. तो कोवळ्या फुटव्यांपुरताच.

गाठ मुख्य खोडावर किंवा मोठ्या फांदीवर असेल तर झाडाच्या जिवावर उठण्यात अर्थ नाही. बांडगूळ बुडाशी सपाट कापायचं, गाठीवरचे डोळे खरवडायचे आणि दर सहा महिन्यांनी नवे फुटवे मोडत राहायचं. तणनाशक किंवा डिझेल लावायचे सल्ले ऐकू येतात. मुलं खेळतात त्या बागेत ते नकोतच, आणि औषध झाडाच्या नळ्यांतही उतरतं.

कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट, म्हणजे कूज रोखणारा मोरचूद-चुन्याचा लेप, लावायची. १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी. एका बागेला १०० ग्रॅम, १०० ग्रॅम आणि १ लिटर बहुधा पुरतं. मोरचूद आणि चुना निम्म्या-निम्म्या पाण्यात वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या बादल्यांत भिजवा, चुना निवला की दोन्ही एकत्र करा. लोखंडी भांडं वापरू नका. तयार पेस्टमध्ये चाकूचं स्वच्छ पातं बुडवा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, थोडा वाढवा. पेस्ट त्याच दिवशी वापरायची, आणि ब्रशने, फवाऱ्याने नव्हे. मोरचुदातलं तांबं आमरीच्या मुळांना बाधतं, त्यामुळे शेजारी आमरी असेल तर तिच्यावर ओला गोणपाट टाकूनच हात चालवा. बुंध्याला गेरू-चुन्याचे पट्टे मारतानाही खालच्या आमरी रंगाखाली जातात, तिकडेही लक्ष असू द्या.

बांडगुळाची फळं पिकण्याआधी हे काम उरकायला हवं. फुलटोचा पक्षी फळ खातो, चिकट बी त्याच्या विष्ठेतून तसंच बाहेर येतं आणि ते सुटावं म्हणून तो बूड फांदीवर पुसतो. अशी लागण त्याच झाडावर आणि शेजारच्या झाडांवर होते. कापलेला पाला बागेत पडू देऊ नका. शेळ्या तो आवडीने खातात, बागेजवळ कोणाकडे शेळ्या असतील तर गाठ-फांद्या वेगळ्या करून पाला त्यांना द्यावा.

सगळं बांडगूळ संपवायचा हट्टही नको. त्याच्या फुलांवर शिंजीर जगतात, फळांवर फुलटोचे, आणि कॉमन जेझबेल हे पिवळं, लाल ठिपक्यांचं फुलपाखरू याच्याच पानांवर अंडी घालतं. मोठ्या, निरोगी झाडावर एक-दोन झुबके खुशाल राहू द्यावेत. लहान झाड, नुकतं लावलेलं कलम, किंवा घेराचा चौथा हिस्सा बांडगुळाने व्यापलेलं झाड मात्र आधी हाती घ्यावं.

आमरीसकट फांदी पडली तर

वादळात फांदी मोडते, किंवा धोकादायक म्हणून आमरी असलेली फांदी उतरवावीच लागते. तेव्हा आमरी सालीवरून सोलू नका. तिच्याखालचा फांदीचा तुकडा तसाच कापून घ्या आणि तुकड्यासकट दुसऱ्या झाडावर बांधा. खरबरीत सालीचा आंबा किंवा फणस चांगला. दुपारचं ऊन न लागणारी बाजू, हात आणि शेळ्या पोचणार नाहीत अशी दोन-अडीच मीटर उंची. बांधायला सुंभ किंवा सुती पट्टी. नायलॉन आणि तार नको, झाड जाड झालं की ती सालीत रुतते. माती, शेण, प्लॅस्टिकचं वेष्टण काहीही लावू नये, मुळांना वारा लागलाच पाहिजे. जूनच्या पहिल्या सरींनंतर बांधलं तर वेगळं पाणी द्यावं लागत नाही. उन्हाळ्यात बांधावं लागलं तर पाऊस सुरू होईपर्यंत सकाळी एकदा फवारा पुरे. हिरव्या टोकांची नवी मुळं नव्या झाडाच्या सालीला चिकटलेली दिसेपर्यंत बांधलेली गाठ सोडू नये. सुंभ आधीच कुजून सैल झाला तर नवा बांधावा.