पोपची निवड: कार्डिनलांची सर्वसाधारण सभा आणि कॉन्क्लेव्ह

पोपच्या निधनानंतर रोममध्ये जमलेल्या कार्डिनलांच्या (कॅथलिक चर्चमधील पोपखालोखालच्या धर्मगुरूंच्या) सगळ्याच बैठकांना बातम्यांतून सरसकट ‘कॉन्क्लेव्ह’ म्हटले जाते. वास्तविक तेथे आधी सर्वसाधारण सभा, म्हणजे कार्डिनलांच्या चर्चेच्या बैठका, भरतात आणि कॉन्क्लेव्ह, म्हणजे पोप निवडण्यासाठी बंद दाराआड होणारे मतदान, त्यानंतर सुरू होते. २१ एप्रिल २०२५ रोजी पोप फ्रान्सिस यांचे निधन झाले, तेव्हा मुंबईचे माजी आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांना ऐंशी वर्षे पूर्ण होऊन जवळपास चार महिने झाले होते. त्यामुळे २०१३ मध्ये मतदान केलेल्या ग्रेशियस यांच्यासाठी या वेळी सभेचे दार उघडे होते, कॉन्क्लेव्हचे मात्र बंद, तर गोव्याचे आर्चबिशप कार्डिनल फिलिप नेरी फेर्रांव यांना दोन्हींत स्थान होते. पोपपद रिक्त होण्याच्या दिवसापूर्वी ज्यांची ऐंशी वर्षे पूर्ण झालेली नसतात, त्यांनाच मताधिकार असतो. पोप सहावे पॉल यांनी १९७० मध्ये घातलेली ही वयोमर्यादा आजही कायम आहे.

सर्वसाधारण सभा अंत्यविधीचा आणि कॉन्क्लेव्ह सुरू होण्याचा दिवस ठरवते, पण निवडणुकीचे नियम बदलण्याचा अधिकार तिला नाही. तिचे खरे महत्त्व भाषणांत आहे, आणि त्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही असे मला वाटते. जगाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले कार्डिनल एरवी एकमेकांना फारसे ओळखतही नसतात; चर्चपुढील प्रश्नांवर कोण काय विचार करतो, हे त्यांना येथेच ऐकायला मिळते. मार्च २०१३ मध्ये ब्युनोस आयर्सचे कार्डिनल बेर्गोलियो यांनी, चर्चने आत्ममग्न न राहता समाजाच्या परिघापर्यंत गेले पाहिजे, असे मोजक्या शब्दांत याच सभेत मांडले आणि काही दिवसांतच ते पोप फ्रान्सिस झाले.

कॉन्क्लेव्ह जेथे भरते त्या व्हॅटिकनमधील सिस्टिन चॅपेलमध्ये मात्र भाषणे नसतात. गोपनीयतेची शपथ झाली की इतरांना बाहेर काढले जाते, आणि निवड होईपर्यंत मतदारांचा बाहेरच्या जगाशी संपर्क राहत नाही. पहिल्या दिवशी सहसा एकच फेरी होते, पुढे दिवसाला चार. चिठ्ठीवर एकच नाव लिहायचे आणि दोन-तृतीयांश मते मिळेपर्यंत फेऱ्या चालू ठेवायच्या, असा नियम आहे. ७ मे २०२५ रोजी १३३ मतदार आत गेले, म्हणजे किमान ८९ मते आवश्यक होती. दुसऱ्या दिवशी चौथ्या फेरीत रॉबर्ट प्रीव्होस्ट निवडून आले आणि त्यांनी चौदावे लिओ हे नाव घेतले.

ऐंशीची अट मतदारांपुरतीच आहे, उमेदवारांसाठी नाही. त्यामुळे मत देऊ न शकणाऱ्या कार्डिनलाचीही पोप म्हणून निवड होऊ शकते.