क्वेबेक सिटीची तीन रात्रींची सहल: बुकिंगपूर्वी वाचावयाची माहिती

टोरोंटो आणि परिसरातील मराठी कुटुंबांसाठी आम्ही छोट्या सहलींची आखणी करतो. लाँग वीकएंड जवळ आला, की ओटावा, माँट्रियल आणि क्वेबेक सिटी ही तिन्ही शहरे तीन दिवसांत बसवून द्या, अशी मागणी हमखास येते. ती बसवता येतात, परंतु मग क्वेबेक सिटीच्या वाट्याला जेमतेम एक दुपार उरते आणि बाकीचा वेळ हायवेवर जातो. हे शहर पायी फिरण्याचे आहे, आणि सकाळी व रात्री, म्हणजे टुरिस्ट बसगाड्या नसताना, ते सर्वांत चांगले दिसते. म्हणून तटबंदीच्या आत किंवा तिच्या लगत तीन रात्री मुक्काम करावा, असा आमचा आग्रह असतो.

सेंट लॉरेन्स नदीचे पात्र जेथे अरुंद होते, तेथील कड्याखाली सॅम्युएल द शाम्प्लँ यांनी १६०८ साली ही वसाहत वसवली. मेक्सिकोच्या उत्तरेस तटबंदी शाबूत राहिलेले हे एकमेव शहर असून तिची लांबी सुमारे साडेचार किलोमीटर आहे. जुन्या शहराचा १९८५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश आहे. एकोणिसाव्या शतकात हा तट पाडून टाकावा, असा विचार जोरात होता. तो थोपवला कॅनडाचे तत्कालीन गव्हर्नर जनरल लॉर्ड डफरिन यांनी. टोरोंटोतील डफरिन स्ट्रीटला ज्यांचे नाव आहे तेच हे डफरिन, आणि १८८५ साली मुंबईत काँग्रेसची स्थापना झाली, तेव्हा हिंदुस्थानचे व्हाइसरॉयही तेच होते. शातो फ्रोंतनाक या १८९३ साली सुरू झालेल्या हॉटेलासमोरचा लाकडी फळ्यांचा रुंद सज्जा आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

मुक्काम कोठे करावा

शहराचे दोन भाग आहेत. कड्यावरच्या भागात शातो फ्रोंतनाक, कॅथीड्रल, किल्ला आणि बहुतेक हॉटेले आहेत. कड्याखाली प्लास रोयाल हा चौक, १६८८ साली बांधकाम सुरू झालेले नोत्र-दाम-दे-व्हिक्त्वार हे दगडी चर्च आणि पती-शाम्प्लँची दुकानांची गल्ली आहे. दोन्ही भागांना जोडणारे रस्ते चढाचे आहेत, काही ठिकाणी दगडी फरसबंदी आहे आणि जिन्यांपैकी एकाचे नावच ‘मानमोड्या’ अशा अर्थाचे आहे. भारतातून आलेले आई-वडील बरोबर असतील आणि गुडघ्यांची तक्रार असेल, तर १८७९ पासून चालू असलेली फ्युनिक्युलर, म्हणजे उतारावर रुळांवरून चालणारी लिफ्ट, डफरिन सज्जावरून थेट पती-शाम्प्लँमध्ये उतरवते. अशा कुटुंबांना आम्ही वरच्या भागातील, स्वतःची लिफ्ट असलेले हॉटेल देतो. जुन्या घरांत थाटलेली छोटी हॉटेले देखणी असतात हे खरे, परंतु त्यांतील अनेकांत तिसऱ्या मजल्यावर बॅगा हातानेच चढवाव्या लागतात.

टोरोंटोहून शहर सुमारे आठशे किलोमीटर दूर असल्याने विमानाने दीड तासात पोहोचणे सर्वांत सोयीचे ठरते. रेल्वेने जायचे झाल्यास बहुधा माँट्रियलला गाडी बदलावी लागते; तेथून पुढे सव्वातीन तासांच्या आसपास लागतात आणि गाडी थेट जुन्या शहराच्या पायथ्याशी थांबते. स्वतःची मोटार नेणाऱ्यांनी ती हॉटेलवर ठेवून विसरून जावे, कारण पार्किंगचे पैसे बहुधा वेगळे पडतात आणि रस्त्यावरील पाट्या केवळ फ्रेंचमध्ये असतात. ‘आरे’ लिहिलेली लाल अष्टकोनी पाटी म्हणजे थांबा. पार्किंगच्या पाटीवरील ‘लँ’ म्हणजे सोमवार, ‘व्हाँ’ म्हणजे शुक्रवार, आणि पाटीवर बाण असल्यास नियम त्याच बाजूस लागू होतो.

काय पाहावे

पहिला संपूर्ण दिवस तटाच्या आत जातो. अब्राहमचे पठार या मोकळ्या मैदानावर १३ सप्टेंबर १७५९ रोजी इंग्रज व फ्रेंच सैन्यांची गाठ पडली. प्रत्यक्ष लढाई अर्ध्या तासाच्या आतच संपली, परंतु वुल्फ आणि मोंकाल्म हे दोन्ही सेनापती तिच्यात झालेल्या जखमांनी मरण पावले. ही लढाई ज्या सप्तवार्षिक युद्धाचा भाग होती, त्याच युद्धात पुढील वर्षी वांदिवाश येथे फ्रेंचांची हिंदुस्थानातील ताकदही मोडली. आज अब्राहमच्या पठारावर लोक धावायला येतात आणि हिवाळ्यात स्की करतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मोंमोरन्सी धबधबा पाहावा. तो ८३ मीटर उंचीचा, म्हणजे नायगऱ्यापेक्षा सुमारे तीस मीटरने उंच आहे. रुंदीत मात्र नायगऱ्याशी तुलना करू नये, निराशा होईल. वर जाण्यास केबल कार आहे. उन्हाळ्यात समोरच्या ऑर्लेआं बेटावरील स्ट्रॉबेरीचे मळे त्याच फेरीत जमतात. सूर्यास्ताच्या सुमारास नदीपलीकडच्या लेव्ही गावाला जाणारी फेरीबोट पकडावी. साधारण बारा मिनिटांच्या त्या प्रवासात दिसणारे शहर महागड्या क्रूझमधून दिसते तेवढेच सुंदर असते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

झाडांचे रंग पाहायचे असल्यास सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा मध्य हा काळ उत्तम, मात्र तेव्हा क्रूझ जहाजांमुळे दुपारी खालच्या भागात पाय ठेवायला जागा नसते. हिवाळी कार्निव्हल जानेवारीअखेरीस सुरू होऊन फेब्रुवारीत संपतो. त्या दिवसांत रात्रीचे तापमान उणे वीसच्या खाली जाऊ शकते, त्यामुळे टोरोंटोतील नेहमीचे बूट पुरत नाहीत. बर्फावर पकड घेणारे तळवे नसतील, तर उतारावरून चालूच नये.

जेवण, बिल आणि आजारपण

शाकाहारी मंडळींनी पूतीन मागवताना विचारून घ्यावे: तळलेले बटाटे आणि ताज्या चीजचे गोळे यांवर ओतली जाणारी गरम तपकिरी ग्रेव्ही बहुधा कोंबडीच्या किंवा गोमांसाच्या अर्कात केलेली असते. वाटाण्याच्या पारंपरिक सूपमध्ये डुकराचे मांस असते. ‘सां व्हियांद’, म्हणजे मांसाशिवाय, एवढे म्हटले तरी वेटरला कळते, आणि दुकानात शिरताना आधी ‘बाँझूर’ म्हटले की पुढचे बोलणे बहुतेक वेळा इंग्रजीत होते. ताज्या बर्फावर मेपलचा उकळता पाक ओतून काडीवर गुंडाळून देतात, तो मुलांना अवश्य द्यावा.

बिलावर टीपीएस (केंद्र सरकारचा) ५ टक्के आणि टीव्हीक्यू (क्वेबेक प्रांताचा) ९.९७५ टक्के असे दोन कर दिसतात. दोहोंची बेरीज सुमारे पंधरा टक्के होते, म्हणून तेवढीच टिप ठेवावी. हॉटेलच्या भाड्यावर ३.५ टक्के निवास कर निराळा लागतो. आमच्या दरपत्रकात तो वेगळ्या ओळीत दाखवलेला असतो.

ऑन्टारियोचे हेल्थ कार्ड असले, तरी क्वेबेकमधील दवाखान्यात डॉक्टरांची फी आधी स्वतः भरून नंतर परतावा मागावा लागण्याची शक्यता असते, आणि तो पूर्ण मिळेलच असे नाही. भेटीस आलेल्या पालकांकडे असे कार्डच नसते, म्हणून त्यांच्या विम्याची प्रत आम्ही बुकिंगच्या वेळी मागतो. कॅनडाचा वैध व्हिसा असलेल्यांना क्वेबेकला फिरण्यासाठी वेगळा व्हिसा लागत नाही.

आखणीसाठी आपण प्रवासाच्या तारखा, प्रत्येकाचे वय, जिने चढण्याची अडचण असल्यास तिचा उल्लेख आणि खाण्याची पथ्ये लेखी कळवावीत. कार्निव्हलच्या तसेच जुलैमधील संगीत महोत्सवाच्या दिवसांत तटाच्या आतील खोल्या फार लवकर भरतात, तेव्हा त्या काळासाठी काही महिने आधी संपर्क साधावा.