क्वाला कांगसारचे रबराचे झाड

मलेशियातील पेराक राज्याच्या क्वाला कांगसार या राजनगरीत असलेले पारा रबराचे जुने झाड. शास्त्रीय नाव हेविया ब्राझिलिएन्सिस. मलय भाषेत ‘पोकोक गेताह’. १८७७ साली येथे लावलेल्या नऊ रोपांपैकी हे एकच उरले असून कुंपण आणि माहितीफलक लावून ते जपले आहे. कुंडीत वाढवतात ते जाड, चकचकीत पानांचे रबराचे झाड वडाच्या कुळातले. हे एरंडाच्या कुळातले.

एरंडाशी असलेले नाते फळात दिसते. तीन कप्प्यांचे बोंड उन्हात वाळले की कडाडून फुटते आणि बिया दूरवर उडतात. बी एरंडीसारखीच तुकतुकीत, तपकिरी ठिपक्यांची, मात्र आकाराने बरीच मोठी. काही आठवड्यांतच तिची उगवणशक्ती जाते, आणि या झाडाच्या प्रवासात मोठी अडचण हीच होती. १८७६ मध्ये हेन्री विकम या इंग्रजाने ब्राझीलमधील तापाजोस नदीकाठच्या जंगलातून सुमारे ७०,००० बिया जमवून जहाजाने लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानात नेल्या. एवढी घाई करूनही शेकडा चारच्या आसपासच रुजल्या. बहुतेक रोपे श्रीलंकेला गेली. पुढच्या वर्षी २२ रोपे सिंगापूरला पोहोचली आणि पेराकचे ब्रिटिश रेसिडेंट (सुलतानाच्या दरबारी नेमलेले ब्रिटिश प्रतिनिधी) ह्यू लो यांच्या आवारात नऊ रोपे लागली. विकम यांनी बिया चोरल्या असे सर्रास लिहिले जाते. त्या वेळी ब्राझीलमध्ये निर्यातबंदीचा कायदा नव्हता. पण रबर ज्यापासून बनते त्या चिकावर जगणाऱ्या ॲमेझॉनकाठच्या शहरांचे वैभव पुढे याच रोपांच्या वंशाने संपवले, हे विसरता येत नाही.

लावली तेव्हा या झाडांकडे कोणी फारसे पाहिले नाही. मळेवाल्यांचे लक्ष कॉफीवर होते. १८८८ मध्ये सिंगापूर वनस्पती उद्यानाचे संचालक झालेले हेन्री रिडली भेटेल त्या मळेवाल्याच्या हातात रबराच्या बिया ठेवत. लोक त्यांना ‘वेडा रिडली’ म्हणत. त्यांचे मोठे काम चीक काढण्याच्या पद्धतीचे आहे. चीक वाहणाऱ्या नलिका सालीच्या आतल्या भागात असतात. साल तिरकी आणि अगदी पातळ तासायची, तिच्याखालच्या वाढीच्या थराला पाते लागू द्यायचे नाही. मग जखम भरते, साल पुन्हा धरते आणि त्याच झाडाचा चीक वर्षानुवर्षे मिळतो. मजूर पहाटे अंधारातच निघतात, कारण गारव्यात झाडाच्या आत दाब जास्त असतो. चिरेच्या कडेला पांढरे थेंब फुटतात, एकमेकांना मिळतात आणि खोबणीतून सरकत खाली बांधलेल्या वाटीत पडतात. ऊन चढले की धार मंदावते.

पुढे कॉफीचे भाव कोसळले, मोटारींना टायर लागू लागले आणि मलायात रबराचे मळे पसरले. त्यांवर राबायला दक्षिण भारतातून हजारो तमिळ मजूर नेले गेले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यांतल्या कितीतरी मळ्यांची जागा तेलताडाने घेतली. क्वाला कांगसारही बदलले; रेसिडेंटांचा काळ संपला आणि झाड आता सरकारी कचेरीच्या शेजारी, रहदारीच्या गावात उभे आहे.

मळ्यातल्या रबराला म्हातारपण लाभत नाही. पंचवीस-तीस वर्षांनी चीक आटला की झाड तोडतात, लाकूड फर्निचरला जाते आणि त्या जागी नवी कलमे लागतात. म्हणून दीडशे वर्षांच्या घरात आलेले हे खोड अपूर्व आहे.

आशियातले बहुतेक मळे विकम यांच्या त्या थोड्या रोपांचेच वंशज आहेत. एवढ्या अरुंद वंशाला मोठा धोका पानकरप्याचा. ज्या बुरशीमुळे ॲमेझॉनमध्ये मोठे रबरमळे तग धरू शकले नाहीत, ती आशियात अजून पोहोचलेली नाही. ती येऊ नये म्हणून दक्षिण अमेरिकेतून येणाऱ्या रोपांची आणि बियांची मलेशियात कडक तपासणी होते.