रुपयावरचा मोरपंखी रंग

दिवाळीच्या तोंडावर पुण्यातल्या घरोघरी लक्ष्मीपूजनाचे चांदीचे बंदे रुपये डब्यातून निघतात आणि चिंच, रांगोळी, नाहीतर चक्क टूथपेस्ट लावून लख्ख घासले जातात. नाणी जमवणाऱ्याच्या पोटात गोळा येतो तो इथे. ते नाणं इतकी वर्षं कशात, कसं राहिलं याचा पुरावाच मोरीत वाहून जातो.

चांदी लोखंडासारखी गंजत नाही, पण हवेतल्या हायड्रोजन सल्फाइडशी तिचं लगेच जमतं. दमट हवेत जरा जास्तच. त्यातून सिल्व्हर सल्फाइडचा थर धरतो, सुरुवातीला जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचा. जुन्या नाण्यावर दिसणारा निळा-जांभळा रंग या थराच्या अंगचा नसतो. काही प्रकाश थरावरूनच परततो, काही आत शिरून चांदीवरून परततो आणि दोन्ही लाटा एकत्र आल्या की काही रंगांच्या लाटा एकमेकींना मारतात. साबणाच्या फुग्यावर चालतो तोच खेळ. थर पातळ असताना निळा मरतो, म्हणून नाणं सोनेरी दिसतं. जाडी वाढली की हिरवा मरून किरमिजी उरतो, पुढे तांबडा मरून निळा. खूपच जाड झाला की सगळं काळंठिक्कर.

हा क्रम डोक्यात ठेवला की नाणं वाचता येतं. कडेला निळं, मग किरमिजी, मग सोनेरी, मध्ये पांढरं असेल तर ते बहुधा कागदी अल्बमच्या खणात पडून होतं. कागदातला गंधक कडेकडून आत सरकत गेला. नुसती चंद्रकोर रंगली असेल तर बाकीच्या भागावर दुसरं नाणं बसलेलं असणार. कधीकधी थैलीच्या कापडाची वीणही उमटते. आणि मधोमध आडवा काळा पट्टा? कुणीतरी रबरबँड लावला होता. रबरातही गंधक असतोच.

जन्मगाव मात्र रंगावरून कळत नाही, त्याला भिंग लागतं. जुन्या बाजारात पंचम जॉर्जचा १९१७चा रुपया हाती आला तर मागच्या बाजूला तळाचं कमळ पाहावं. त्याखाली उठावाचं बारीक टिंब असेल तर मुंबईची टाकसाळ, नसेल तर कलकत्त्याची. वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे जुना एक तोळा, चांदी ९१.७ टक्के. १९४०पासून चांदी ५० टक्क्यांवर आली. पुण्याच्याच टाकसाळीचा अंकुशी रुपया त्यावरच्या अंकुशाने ओळखू येतो. पेशव्यांच्या शहरात पाडलेला, पण नाव दिल्लीच्या शाह आलम बादशहाचं!

गंधकाची वाफ देऊन हा रंग झटपट चढवणारेही आहेत. नाणं दिव्याखाली तिरकं फिरवावं. रंगाखाली घासल्याचे बारीक ओरखडे दिसले तर ते आधी घासलं आणि रंग मागाहून आला, हे नक्की. तो आपसूक आला की कुणी आणला, हे एवढ्यावरून ठरत नाही. अशा नाण्याला साध्या रुपयाचाच भाव द्यावा, आणि विक्रेता रंगाचे वेगळे पैसे मागू लागला तर सरळ पुढच्या पथारीकडे वळावं.