दिएन बिएन फू आणि हमालाच्या पोटाचं गणित

सैन्य पोटावर चालतं हे वाक्य आपण सगळ्यांनीच कुठे ना कुठे ऐकलेलं असतं, पण त्या सैन्यासाठी तांदळाचं पोतं पाठीवर घेऊन जाणारा हमालही पोटावरच चालतो हे कुणी सांगत नाही. आणि खरा घोळ तिथेच आहे. जंगलातली, खेड्यापाड्यातली गनिमी फौज परक्या सत्तेशी लढते तेव्हा आपण बोलतो शौर्याबद्दल, छाप्यांबद्दल, फार तर बंदुकांबद्दल, आणि तांदूळ-मीठ हा विषय कंटाळवाणा म्हणून सोडून देतो. मला मात्र नेमकं तेच सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतं, कारण तिथे शाळेतलं गणित आणि फिजिक्स सरळ सरळ लागू होतं.

उदाहरण घेऊ व्हिएतनामचं. अमेरिकेच्या आधीचं, फ्रेंचांच्या वेळचं. २० नोव्हेंबर १९५३ ला फ्रेंचांनी लाओसच्या सीमेजवळ दिएन बिएन फू नावाच्या खोऱ्यात पॅराशूटने सैनिक उतरवले आणि तिथे भलामोठा तळ उभा केला. चारी बाजूंनी डोंगर, मधे धावपट्टी, सगळी रसद विमानाने. फ्रेंच सेनापती नवार यांचा हिशोब असा होता की व्हिएत मिन्हची (म्हणजे फ्रेंचांविरुद्ध लढणाऱ्या, हो चि मिन्ह यांच्या संघटनेची) फौज आपल्या तांदळाच्या प्रदेशापासून इतक्या लांब, इतक्या वाईट रस्त्यांवर मोठं सैन्य फार काळ पोसूच शकणार नाही. आता हे ऐकून फ्रेंच मूर्ख होते असं म्हणायचा मोह होतो, पण कागदावर तो हिशोब बरोबरच होता. करून बघू.

समजा एक हमाल २० किलो तांदूळ उचलतो. दिवसभर ओझं घेऊन डोंगर चढणाऱ्या माणसाला ३५०० ते ४००० कॅलरी लागतात, एक किलो कोरड्या तांदळात साधारण ३६०० असतात, म्हणजे सोपं म्हणून दिवसाला एक किलो धरू. थान होआ हा किनाऱ्याकडचा भाताचा प्रदेश, तिथून दिएन बिएन फू साधारण ५०० किलोमीटर, आणि चाल दिवसाला २० किलोमीटर. जायला २५ दिवस, यायला २५. म्हणजे गडी खाणार ५० किलो आणि उचलले होते २०. तो पोचणारच नाही, आणि पोचला तरी रिकाम्या हाताने!

मग टप्पे करायचे. दर २० किलोमीटरवर एक कोठार, प्रत्येक हमाल फक्त एका टप्प्यावर ये-जा करणार, एक दिवस जायला, एक दिवस यायला. दोन दिवसांचे दोन किलो त्याने खाल्ले, पुढच्या कोठारात १८ पडले. दहा टक्के गेले, त्यात काय एवढं? पण हे दहा टक्के २५ वेळा जातात, चक्रवाढ व्याज उलटं लावल्यासारखं. ०.९ ला स्वतःनेच २५ वेळा गुणलं की उत्तर येतं ०.०७, म्हणजे शंभर किलो निघाले तर सात पोचले. ओझं २० ऐवजी १५ किलो धरलं तर तीनच्याही खाली. व्हिएत मिन्हचे सेनापती ज्याप यांनी नंतर आठवणी लिहिल्या त्यात आधीच्या वायव्य मोहिमेतला अनुभव दिलाय, की आघाडीवर एक किलो तांदूळ पोचवायचा तर वाटेत २४ किलो खाल्ला जायचा. आपलं पाठच्या पानावरचं गणित त्याच्या बरंच जवळ येतं. अंतराळात रॉकेट पाठवणाऱ्यांची डोकेदुखी तंतोतंत हीच असते, इंधन वाहून न्यायलाच इंधन लागतं, आणि अंतर (रॉकेटच्या बाबतीत वेग) जरा वाढलं की गरज घातांकी पद्धतीने वाढते.

आता या सूत्रात बदलण्यासारखं काय आहे बघा. अंतर बदलता येत नाही. माणसाची भूक फारशी बदलता येत नाही. उरतं एकच, एका माणसामागे जाणारं ओझं. तिथे आली सायकल. पेजो वगैरे कंपन्यांच्या फ्रेंच सायकली, म्हणजे ज्यांच्याशी लढायचं त्यांनीच आणलेला माल. त्यावर कुणी बसायचं नाही, ती ढकलायची. हँडलला एक लांब बांबू बांधायचा, बाजूने चालता चालता दिशा देता यावी म्हणून, दुसरा बांबू सीटच्या मागे उभा, तोल सांभाळायला आणि ढकलायला. फ्रेमला आडव्या-उभ्या कांबी बांधून मजबुती, टायरच्या आत जुन्या कापडाच्या पट्ट्या नाहीतर फाटक्या ट्यूबचे तुकडे. अशा सायकलवर २०० किलो आरामात (आरामात म्हणजे सायकलच्या दृष्टीने, माणसाच्या नाही) जायचे, आणि मा वान थांग या माणसाने एका खेपेला ३५२ किलो नेल्याची नोंद आहे.

यामागचं फिजिक्स साधं आहे. ओझं पाठीवर असतं तेव्हा प्रत्येक पावलाला तुम्ही ते थोडं वर उचलता आणि परत खाली आणता, म्हणजे सपाट रस्त्यावर चालतानाही उचलण्याची मेहनत सतत चालूच. चाकावर ठेवलं की वजन जमीन पेलते, तुमच्या वाट्याला येतं फक्त घर्षण, आणि कच्च्या रस्त्यावर ते वजनाच्या साधारण तीन ते पाच टक्के धरा. २०० किलोला सहा ते दहा किलोचा जोर. चढावर मात्र गणित बिघडतं, दर दहा मीटरला एक मीटर चढ असेल तर आणखी २० किलोचा जोर लागतो, म्हणून घाटात एक जण दोरीने पुढून ओढणार आणि एक मागून रेटणार, आणि उतारावर तर त्याहून वाईट, कारण एवढं वजन अडवायला सायकलचे ब्रेक कुठे पुरणार. तरीसुद्धा आपल्या सूत्रात घालून बघा. २०० किलोमागे दोन माणसं धरली तर एका टप्प्याला चार किलो खाल्ले, म्हणजे दोन टक्के, आणि २५ टप्प्यांनंतर शंभरातले साठ किलो पोचतात. सातावरून साठ! नवार यांच्या कागदावर ही सायकल नव्हती.

व्हिएतनामचे अधिकृत आकडे सांगतात की या मोहिमेत अडीच लाखांहून जास्त नागरी मजूर राबले, २० हजारांच्या वर सायकली लागल्या आणि २५ हजार टनांच्या आसपास तांदूळ गोळा केला गेला. पण एक गोष्ट सांगायलाच हवी, सायकलची कथा इतकी गोड आहे की लोक ट्रक विसरतात. सहाशेच्या आसपास ट्रक, बहुतेक रशियन बनावटीचे, रात्री दिवे न लावता चालायचे, आणि चीनकडून आलेल्या तोफा आणि दारूगोळा त्यांच्याशिवाय आला नसता. दिवसा फ्रेंच विमानं रस्ता फोडायची, रात्री हजारो माणसं खड्डे बुजवायची. नद्यांवर पाण्याच्या पातळीच्या जरा खाली दगडांचे पूल बांधले, वरून विमानाला नुसतं पाणी दिसायचं आणि ट्रक मात्र पार. बाँबने घाट तुटला तर ट्रकचं घोडं अडायचं, सायकलवाला खड्ड्याच्या कडेने निघून जायचा. म्हणजे ट्रक आणि सायकल ही एकमेकांना सांभाळणारी जोडी होती.

बरं, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? हा तांदूळ आला कुठून? इथे थोडं मागे जावं लागेल. १९४५ मध्ये उत्तर व्हिएतनाममध्ये भयंकर दुष्काळ पडला, जपानी आणि फ्रेंच दोघांनीही सक्तीने भात उचललेला, आणि किती माणसं गेली याचे अंदाज ४ लाखांपासून २० लाखांपर्यंत आहेत. त्या काळात व्हिएत मिन्हच्या लोकांनी गावकऱ्यांना घेऊन धान्याची गोदामं फोडली आणि भात वाटला. ज्या गावाने हे पाहिलंय ते गाव पुढे धान्य देताना वेगळा विचार करतं. पण सगळं प्रेमाने चाललं होतं असं समजू नका. १९५१ पासून शेतीवर कर होता, धान्याच्या रूपात घेतला जाणारा, मजुरीची सक्ती होती, १९५३ मध्ये जमीन वाटपाचा कायदा आला, आणि त्या जमीन सुधारणेत पुढे इतके अत्याचार झाले की १९५६ मध्ये सरकारला चुका जाहीरपणे कबूल कराव्या लागल्या. गनिमी फौजेची रसद म्हणजे शेवटी कुणातरी शेतकऱ्याच्या कणगीतलं धान्य असतं, ते देणारा खुशीने देतोय की भीतीने हे युद्धाच्या वर्णनात सहसा येत नाही.

सगळ्यात हुशारीचं म्हणजे जवळचा तांदूळ शोधणं, कारण आपल्या सूत्रात टप्पे कमी झाले की सगळंच स्वस्त होतं. लढाईच्या आसपासच्या वायव्य डोंगरातल्या थाई वगैरे जमातींकडून सुमारे ७ हजार टन तांदूळ मिळाला. पण तो भात होता, सालासकट, मग सैन्यातल्या कारागीर मंडळींनी बांबूची जाती तयार केली आणि सैनिक भात भरडायला बसले. यात एक फायदाही असतो. गिरणीत पांढराशुभ्र पॉलिश केलेल्या तांदळाचा वरचा थर जातो आणि त्याबरोबर ब-१ जीवनसत्त्व जातं, नुसत्या अशा तांदळावर राहणाऱ्याला बेरीबेरी होतो, पाय सुजतात, चालवत नाही, हृदय कमजोर होतं. डच डॉक्टर आइकमन यांनी १८९० च्या दशकात जावा बेटावर कोंबड्यांच्या खाण्यावरून याचा माग काढला आणि १९२९ चं नोबेल मिळवलं. हातसडीच्या तांदळात तो थर बराचसा टिकतो.

मग शिजवायचं कसं? धूर दिसला की विमान आलंच. आधी रात्री शिजवून दिवसभर गार भाताचे गोळे खायचे, ते आंबायचे, पोटं बिघडायची. १९५१-५२ च्या होआ बिन्ह मोहिमेत होआंग काम नावाच्या आचाऱ्याने चूल शोधली जी आजही त्याच्याच नावाने ओळखली जाते. चूल जमिनीत खोल, आणि तिच्यापासून डोंगराच्या चढावर लांबच लांब चर खणायचे, वर फांद्या आणि ओली माती टाकून झाकायचे. धूर वर जातो कारण तो गरम असतो, हलका असतो. चरातून सरकताना तो थंड होतो, त्यातली वाफ मातीत जिरते, काजळी फांद्यांना चिकटते, आणि बाहेर पडतो तेव्हा त्याच्यात वर जायची ताकदच उरलेली नसते. सकाळच्या धुक्यासारखा जमिनीलगत पसरून जातो. आचाऱ्याने थर्मोडायनॅमिक्स शिकलेलं नव्हतं, चूल मात्र अगदी त्याच्याच नियमाने चालते.

आता खोऱ्यातल्या फ्रेंचांकडे बघू. १३ मार्च १९५४ ला हल्ला सुरू झाला तेव्हा तिथे ११ हजारांच्या आसपास माणसं, आणि रोजची गरज शंभर टनांच्या आसपास. म्हणजे माणशी नऊ किलो! यात दारूगोळा आला, डबाबंद जेवण आलं, आणि वाइनचा घट्ट अर्कसुद्धा आला, पाणी घालून प्यायचा. (३० एप्रिलला फॉरेन लीजनचा, म्हणजे फ्रेंच सैन्यातल्या परदेशी सैनिकांच्या दलाचा, सण होता तेव्हा सैनिकांनी जिवावर उदार होऊन दोन्ही फौजांच्या मधल्या पट्ट्यात पडलेली त्या अर्काची खोकी पळवून आणली, हे मी बनवून सांगत नाहीये.) डोंगरावरच्या तोफांनी मार्च संपेपर्यंत धावपट्टी बंद पाडली. मग फक्त पॅराशूट. तळ जसजसा आक्रसत गेला तसतशी टाकलेली खोकी पलीकडे पडायला लागली, त्यात फ्रेंचांच्या तोफांचे गोळे असायचे आणि व्हिएत मिन्हकडे नेमक्या त्याच १०५ मिलिमीटरच्या तोफा, म्हणजे फ्रेंच विमानंच त्यांना रसद पुरवायला लागली. ७ मे ला तळ पडला.

इथे आपल्याकडच्या एका व्हॉट्सअॅप फॉरवर्डबद्दल बोलायला हवं, व्हिएतनामचा कुणी मंत्री रायगडाची माती घेऊन गेला आणि आम्ही शिवाजी महाराजांमुळे जिंकलो म्हणाला वगैरे. त्याला विश्वासार्ह आधार नाही, कृपा करून पुढे पाठवू नका. पन्हाळ्यावरचा अंबारखाना बघितला की रसदीचा प्रश्न आपल्याकडेही किती नीट कळलेला होता ते दिसतंच, त्यासाठी व्हिएतनामच्या सर्टिफिकेटची गरज नाही.

पुढे व्हिएतनामचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले, दक्षिणेच्या बाजूने अमेरिका आली आणि तोच प्रश्न मोठ्या आकारात उभा राहिला. १९५९ पासून लाओसमधून दक्षिणेकडे जाणारं वाटांचं जाळं, जगाला हो चि मिन्ह ट्रेल म्हणून माहीत असलेलं. त्यावर अमेरिकेने अफाट बाँब टाकले, जंगलात सेन्सर पेरले, आणि १९६७ ते १९७२ मध्ये ढगात सिल्व्हर आयोडाइड फवारून पावसाळा जास्त दिवस चालवायचा प्रयोगही केला, वाटा चिखलात बुडाव्यात म्हणून (हवामानाचा असा शस्त्रासारखा वापर नको म्हणून पुढे १९७७ चा आंतरराष्ट्रीय करार आला). पण १९६७ मध्येच संरक्षणमंत्री मॅकनमारा यांनी सिनेटच्या समितीला सांगून टाकलं होतं की दक्षिणेतल्या शत्रूला अन्न सोडून बाहेरून लागणारा माल अंदाजे १५ टन रोजचा आहे. दोन लाखांहून जास्त फौजेला १५ टन! चार-पाच ट्रक झाले. ९० टक्के माल वाटेत उडवला तरी बाकीच्याने काम भागतं, फक्त सुरुवातीला जास्त पाठवावा लागतो. पुरवठा तोडून अशा फौजेला उपाशी मारता येत नाही, कारण तिची भूकच बारीक असते आणि तीही बरीचशी आसपासच्या गावात भागते. हे गणित माहीत असूनही बाँब पडतच राहिले, याला काय म्हणायचं.

त्या वाटेवर बाँबच्या जोडीने माणसं मारली मलेरियाने. डास काही बाजू बघत नाही. क्लोरोक्विन हे जुनं औषध चालेनासं झालेलं, म्हणून उत्तर व्हिएतनामने चीनकडे मदत मागितली आणि २३ मे १९६७ ला तिथे एक गुप्त प्रकल्प सुरू झाला, तारखेवरूनच नाव, प्रकल्प ५२३. १९६९ मध्ये त्यात आलेल्या तू योयो यांनी जुन्या चिनी वैद्यकाच्या नोंदी चाळल्या, चौथ्या शतकातल्या गे होंग यांच्या एका ओळीत तापावरची एक वनस्पती पाण्यात भिजवून पिळायला सांगितली होती, उकळायला नाही. त्यांच्या लक्षात आलं की उष्णतेने औषध मरतंय. मग कमी तापमानाला उकळणारं इथर वापरून अर्क काढला आणि १९७१ मध्ये १९१ नंबरचा नमुना उंदीर आणि माकडांमध्ये शंभर टक्के लागू पडला. तेच आर्टेमिसिनिन, २०१५ चं नोबेल. समोरच्या बाजूला अमेरिकन लष्कराच्या संशोधकांनी मेफ्लोक्विन हे मलेरियाचं दुसरं औषध काढलं, तेही याच युद्धापायी. आज गडचिरोलीत आशाताई रक्त तपासून फॅल्सिपॅरम मलेरियाच्या (हा सगळ्यात धोकादायक प्रकार) पेशंटला ज्या गोळ्यांचं पाकीट देते, त्यातला आर्टेसुनेट हा त्याच आर्टेमिसिनिनपासून बनवलेला आहे.