लाकूडतोड स्पर्धेत दांडगाच जिंकतो का?

‘कुऱ्हाडीच्या स्पर्धेत ज्याच्या दंडात जोर, त्याचाच ओंडका आधी तुटतो’ असं व्हिडिओसोबत वर्षानुवर्षं फिरतं. बळ लागतंच, पण निकाल ठरतो घाव कुठे आणि कसा बसतो यावर.

ओंडक्यावर उभं राहून दोन पायांमधलं लाकूड तोडण्याचा प्रकार घ्या. नियमाप्रमाणे खाच दोन्ही बाजूंनी पाडावीच लागते. पहिली खाच मध्यापर्यंत गेली की स्पर्धक मागे वळतो. दोन्ही खाचा समोरासमोर भिडल्या नाहीत, तर मध्ये लाकडाची पट्टी उरते आणि तिच्यातच वेळ जातो. घावही तिरका हवा. लाकडाच्या रेषांना काटकोनात मारलेली कुऱ्हाड रुतून बसते, जोर कितीही लावा. तिरक्या घावांच्या जोडीने मात्र जाड ढलपी सुटून उडते.

ऑस्ट्रेलियात हँडिकॅप शर्यतीही होतात, म्हणजे कौशल्यानुसार प्रत्येकाची सुरुवात मागेपुढे ठेवलेली. पंच मोठ्याने आकडे मोजतो, प्रत्येकाने आपल्याला ठरवून दिलेल्या आकड्यालाच पहिला घाव घालायचा. सर्वांत तरबेज स्पर्धक सर्वांत शेवटी. म्हणजे ज्याचा ओंडका आधी पडला तो सर्वांत वेगवान किंवा बलवान असेलच असं नाही.

व्हिडिओ आधी आवाजासकट पाहा, मोजणी ऐका. मग संथ करून एकेकाचे घाव मोजा, ढलपी कोणत्या घावाला सुटते ते बघा.