डंक स्पर्धा भरवताय? अर्ज, पात्रता, कागदपत्रं आणि गुण देण्याची पद्धत

डंक म्हणजे बास्केटबॉलमध्ये उडी मारून चेंडू वरून रिंगमध्ये घालणं. अशा डंक स्पर्धेच्या निकालावरून होणारी बहुतेक भांडणं अर्जाच्या कागदावरच मिटवता येतात. पुण्यात कॉलेजच्या किंवा क्लबच्या स्पर्धेला जोडून शेवटच्या संध्याकाळी डंक ठेवायची हौस अनेकांना असते. मग ऐन वेळी समोर दिसतील त्या पाच जणांना खुर्च्यांवर बसवून हातात १ ते १० चे फलक दिले जातात. पुढे काय होतं ते सांगायला नको. सरकारी विहित नमुना शोधत बसू नका. नियमपत्रक आयोजकानेच काढायचं असतं. ते कसं असावं आणि खेळाडूने, परीक्षकाने काय भरून द्यायचं, ते पुढे दिलं आहे.

जागा आणि परवानगी

मैदान ज्याच्या ताब्यात त्याचं लेखी पत्र आधी घ्या. महापालिकेचं मैदान असेल तर पालिकेचा क्रीडा विभाग, कॉलेजचं असेल तर प्राचार्य, बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडा संकुलात घ्यायची असेल तर संकुलाचं कार्यालय. पत्रात ‘बास्केटबॉल स्पर्धा’ एवढंच लिहू नका, ‘डंक’ हा शब्द हवाच. रिंग वाकली की तो शब्द नसल्याची आठवण सगळ्यांना होते. ध्वनिक्षेपकासाठी हद्दीतल्या पोलीस ठाण्याची परवानगी लागते, आणि रात्री १० नंतर आवाज बंद.

रिंग ३.०५ मीटरवर आहे का, हे टेपने मोजा. दोन-तीन सेंटिमीटरचा फरक इथे लहान नाही. वजन पडल्यावर खाली झुकून परत वर येणारी स्प्रिंगची रिंग नसेल तर स्पर्धा घेऊच नका. सोसायट्यांमध्ये पाइपला वेल्ड केलेली रिंग असते, ती लटकण्यासाठी नाही.

खेळाडूची पात्रता

उंचीची अट घालू नका. १९८६ साली एनबीएची, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगची, डंक स्पर्धा जिंकणारा स्पड वेब जेमतेम ५ फूट ७ इंचांचा होता. पात्रता एकच: सकाळच्या चाचणीत नियमाच्या रिंगवर एक साधा, स्वच्छ डंक. तो वाटतो तेवढा सोपा नाही. उभं राहून हात वर केल्यावर बोटं २.३० मीटरपर्यंत जात असतील, तर नुसती रिंग गाठायला ७५ सेंटिमीटर उडी लागते, आणि चेंडू वरून आत घालायला पंजा त्याच्याही बराच वर हवा. त्यामुळे खुल्या गटात अर्ज भरपूर येतात आणि चाचणीत मोजकेच उरतात. ही गळती संध्याकाळी प्रेक्षकांसमोर होण्यापेक्षा सकाळी झालेली बरी. लहान मुलांसाठी मिनी बास्केटबॉलची २.६० मीटरची रिंग आहे. त्यांचा गट वेगळा, गुण वेगळे.

कागदपत्रं

भरलेला अर्ज, दोन फोटो, ओळखीसाठी आधार किंवा कॉलेजचं ओळखपत्र, वयासाठी जन्मदाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, डॉक्टरांचा फिटनेस दाखला आणि खेळाडूचं हमीपत्र. वय १८ पेक्षा कमी असेल तर पालकांची सही असलेलं संमतीपत्र. ‘घरी माहिती आहे, सर’ हे संमतीपत्र नव्हे.

याशिवाय एक कागद असा, जो सहसा कुणी मागत नाही आणि मी सगळ्यात आधी मागेन: डंकची चिठ्ठी. प्रत्येक फेरीत कोणता डंक करणार, उडी एका पायावर की दोन, चेंडू पायाखालून जाणार का, कुणी पास देणार का, कुणावरून उडी मारणार का, हे दोन ओळींत लिहून बंद पाकिटात टेबलवर द्यायचं. अवघडपणा ठरवणाऱ्या पंचाला ते आधी कळतं, परीक्षकांना मात्र कळत नाही. ज्याच्यावरून उडी मारायची त्या माणसाचीही लेखी संमती हवी आणि तो सज्ञान हवा. हौसेने उभ्या राहणाऱ्या धाकट्या भावाला नम्रपणे नकार द्या.

बोटातल्या अंगठ्या, कडं, मनगटी घड्याळ काढल्याशिवाय कोर्टवर सोडू नका. अंगठी जाळीत किंवा रिंगच्या हुकात अडकली तर बोट जायबंदी होतं.

परीक्षकाचा अर्ज

होय, परीक्षकानेही अर्ज भरायचा. खेळाडूंच्या यादीतल्या कुणाला शिकवलं आहे का, कुणासोबत एका संघात खेळला आहात का, नातं आहे का, पुरस्कर्त्याकडे नोकरी आहे का: चार प्रश्न, खाली सही. यात संशय घेण्याचा हेतू नाही. २०२० साली शिकागोत एनबीएच्या डंक स्पर्धेत ॲरन गॉर्डन आणि डेरिक जोन्स ज्युनियर यांची बरोबरी दोनदा फोडावी लागली. जोन्सला शेवटी ५० पैकी ४८ मिळाले, आणि सात फुटांहून उंच टॅको फॉलवरून उडी मारणाऱ्या गॉर्डनला ४७. परीक्षकांत ड्वेन वेड होता, जो जोन्ससोबत मायामीच्या संघात खेळलेला. वेडने मनापासून गुण दिले असतीलही, पण त्या एका गुणाचा विषय निघाला की नाव त्याचंच निघतं. त्याच परीक्षक मंडळातल्या कॉमन नावाच्या रॅपरने नंतर सांगितलं, की आपण बरोबरी करायचं ठरवलं होतं. म्हणजे परीक्षक आपसात बोलून आकडे जुळवत होते, आणि ते जुळवणंही चुकलं!

म्हणून नियम असा ठेवा: पाच परीक्षक आणि एक राखीव. संबंध निघाला की तो परीक्षक पूर्ण स्पर्धेतून बाजूला, राखीव आत. फक्त ‘आपल्या’ खेळाडूपुरतं उठून जाणं चालणार नाही. मग सगळ्यांना एकाच मापाने मोजलं असं म्हणता येत नाही. खुर्च्या एकमेकींपासून लांब ठेवा, गुण चिठ्ठीवर लिहून टेबलवर द्या आणि पाचही आल्यावरच फलक दाखवा. शेजाऱ्याचा ९ दिसला की आपल्या हातून ७ लिहिला जात नाही.

गुण कसे द्यायचे

एनबीएची जुनी पद्धत म्हणजे पाच परीक्षक, प्रत्येकी १० पैकी, एकूण ५०. तिचा दोष असा, की वर जागाच उरत नाही. २०१६ साली टोरांटोत झॅक लाव्हीनला अंतिम फेरीत चार वेळा ५० मिळाले, गॉर्डनला तीन वेळा. पहिल्याला १० देऊन बसलात की दुसरा त्याहून सरस निघाल्यावर काय देणार? जिम्नॅस्टिक्सने २००६ पासून हा पेच सोडवला: अवघडपणाचे गुण वेगळे, सफाईचे वेगळे. आपल्याकडे मल्लखांबाचं परीक्षण पाहिलेल्यांना हा विचार नवा वाटू नये. संच किती कठीण आणि पकड-उतार किती स्वच्छ, हे दोन प्रश्न आहेत.

तेच इथे करा. अवघडपणाचा आकडा चिठ्ठीवरून एकच पंच ठरवेल, आधी जाहीर केलेल्या तक्त्याप्रमाणे. साधा दोन हातांचा डंक १, पायाखालून चेंडू काढलेला त्याच्या वर, फ्री थ्रोच्या रेषेवरून घेतलेली झेप आणखी वर, असा. खेळाडूने चिठ्ठीपेक्षा सोपा डंक केला तर सोप्याचाच आकडा. परीक्षकांनी फक्त सफाई आणि नवेपणा बघायचा, १० पैकी, अर्ध्या गुणाच्या फरकाने. स्पर्धेआधी एका खेळाडूकडून साधा डंक करून घ्या आणि सगळ्यांना सांगा: हा ५. माप तिथून सुरू होईल.

मग सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गुण काढून उरलेल्या तिघांची बेरीज. गणित करून बघा. अ ला ९, ९, ९, ९, ५ मिळाले, बेरीज ४१. ब ला ८, ८, ९, ८, ९, बेरीज ४२. सरळ बेरजेत ब जिंकतो, म्हणजे चौघांनी ९ दिलेला खेळाडू एकट्याच्या ५ मुळे हरतो. टोकाचे दोन काढले तर अ २७, ब २५. पाण्यात सूर मारण्याच्या स्पर्धांत टोकाचे गुण काढण्याची ही रीत जुनीच आहे. या बेरजेत अवघडपणाचा आकडा मिळवला की डंकचे गुण तयार.

प्रयत्न तीन, वेळ ९० सेकंद. चेंडू हातात घेऊन पाय जमिनीवरून सुटले की प्रयत्न मोजला. नुसतं धावत येऊन थांबलं तर मोजू नका. दुसऱ्या प्रयत्नात जमलं तर एक गुण कमी, तिसऱ्यात दोन, तीनही हुकले तर त्या फेरीचा शून्य.

क्रम आणि बरोबरी

पहिल्या फेरीचा क्रम सगळ्यांसमोर चिठ्ठी काढून, दुसरीचा उलटा. आधी येणाऱ्याला परीक्षक हात राखून गुण देतात, हे कुठल्याही परीक्षकाने खासगीत कबूल करावं. एनबीएच्या डंक स्पर्धेची १९८८ सालची अंतिम फेरी बघा, तीही शिकागोतच. डॉमिनिक विल्किन्सला शेवटच्या डंकला ४५ मिळाले. मग घरच्या मैदानावर मायकेल जॉर्डन आला, त्याला ५० आणि निकाल १४७-१४५. जॉर्डनची फ्री थ्रोच्या रेषेजवळून घेतलेली ती झेप नेत्रदीपक होती यात वाद नाही, वाद आहे तो विल्किन्सच्या ४५ चा. यजमान कॉलेजचा खेळाडू अंतिम फेरीत असेल आणि गॅलरी त्याचीच असेल, तर परीक्षकांना गॅलरीकडे पाठ करून बसवा.

बरोबरी झाली तर आधी पाचही परीक्षकांची पूर्ण बेरीज, तीही सारखी असेल तर एकेक जादा डंक, आणि तरीही फुटली नाही तर प्रत्येक परीक्षकाने चिठ्ठीवर एक नाव लिहायचं. पाच जण आहेत, निकाल लागतोच.

हरकत

निकालानंतर १५ मिनिटांत, लेखी, खेळाडूने किंवा त्याच्या प्रशिक्षकाने. बेरीज चुकली, प्रयत्न चुकीचा मोजला, परीक्षकाने संबंध लपवला, एवढ्याच कारणांसाठी. व्हिडिओ प्रयत्न मोजायला आणि पाय कुठून सुटला ते पाहायला वापरा. सफाईचे गुण त्यावरून बदलू नका. ‘त्याचा डंक माझ्यापेक्षा भारी नव्हता’ ही हरकत स्वीकारली जाणार नाही, असं नियमपत्रकात स्पष्ट लिहा. परीक्षकांच्या नावांसह सगळ्या गुणपत्रिका त्याच संध्याकाळी फलकावर लावा. नाव लागणार म्हटल्यावर काही परीक्षक यायला नकार देतील, त्यांच्याऐवजी दुसरे बघा.